सरपंचाची कोंबडी

नाल्याच्या पाण्यानं नात हगवणीनं आडवी झाली, तेव्हा तुळसाबाईनं मोहाडीच्या ट्रेनिंगात मिळालेली पाणी तपासायची बाटली काढून नाल्यावर भरली. ही बाटली दिवसभर उबेत ठेवावी लागते. पाण्यात घाणीचे जंतू असले तर काळी पडते. पण पौषाच्या थंडीत ऊब कुठली? तिनं बाटली खुशाल अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली सरकवली.

"काय वं तुळसाबाई, आता पाण्याचे पिल्ले काढून राहिली का?" सरपंच भैय्यालाल हसून हसून वाकडा झाला.

दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट निघाली.

"सरपंच, तुमच्या संडासाचा पाइप नाल्यात सुटला हाय. तो बंद करा."

भैय्यालालचं हसू आटलं. "मी नाही मानत. तुही कोंबडी विरोधी पार्टीची हाय!"

"मंग तुमची बसवा."

भैय्यालालनं तिच्याकडची नवी बाटली स्वतः नाल्यावर भरली, घरच्या कोंबडीखाली ठेवली आणि कोणी तिले फितवू नये म्हणून खुराड्यापाशीच खाट टाकली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावादेखत कोंबडी उठवली. बाटली काळी! घरचंच मत फुटावं तसं त्यानं कोंबडीकडे पाहिलं, अन् संडासाचा पाइप नाल्यातून काढून त्यासाठी शोषखड्डा खणायला घेतला.

पुढच्या तपासणीत बाटली काळी पडलीच नाही. ग्रामसभेत भैय्यालालनं छाती फुगवली, "गावचा नाला माह्या कोंबडीनं साफ केला!"

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती तुळसाबाईनं. मांडीवरच्या नातीचे गुबगुबीत हात हातात धरून.