कापूस कोंबलेली घंटा

आजेसासूबाईंच्या उशाशी ठेवलेली पितळी घंटा दिवसभर वाजायची. कधी पाणी हवं, कधी कूस बदलायची, कधी गोठ्याचं दार लावलं का, एवढंच विचारायचं. दर वेळी बाळ दचकून उठायचं. शेवटी काल, आजींचा डोळा लागलेला पाहून, नातसुनेने घंटेत कापूस कोंबला. म्हातारीच्या हातात जोर उरला नाही, असंच सगळे समजतील.

आज दुपारी आजी-आजोबा सोडून सगळे शेतावर गेलेले. ती बाळाला कडेवर घेऊन परसात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात घंटा खणखणली. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा पडला. ती धावतच आत गेली.

"आजी, काय हवंय?"

"मला कुठे काय? माझी मेली घंटा कालपासून मुकी झालीय."

तिने घंटा उचलून पाहिली. कापूस जागच्या जागी होता. तिला मान वर करवेना.

"सकाळपासून ऐकतोय आम्ही," शेजारच्या खाटेवरून आजोबा म्हणाले. "कोण बिचारं वाजवून वाजवून थकलं, पण ढुंकून बघायला कुणी जात नाही."

घंटा पुन्हा वाजली, क्षीण. तिच्याच खोलीतून, तिच्याच पलंगाच्या उशाकडून.

"जा की गं," आजी म्हणाल्या.

तिने बाळाला घट्ट धरलं. कडेवरच्या बाळाने मात्र त्या दाराकडे दोन्ही हात पसरले, आईला पाहून पसरावेत तसे.