साधी पुडी

एकतीस नंबरापुढे ‘साधी’ असा शब्द होता. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शब्द तोच होता.

दोन वर्षं मोहोरबंद असलेला लखोटा त्या सकाळी फोडला होता. कंपवाताचे चौऱ्याऐंशी रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना औषधाची पुडी मिळत होती आणि निम्म्यांना नुसत्या पिठाची. रंग तोच, वास तोच. कुणाला कुठली, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, नर्सना नव्हतं आणि खुद्द डॉक्टरबाईंनाही नव्हतं. खऱ्या पुडीत आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारे तंतू होते आणि एका झाडाच्या बियांचा अर्क. पोटातले जिवाणू आणि मेंदू यांची आपसात बोलणी चालतात, पोट सुधारलं तर हातापायांनाही थोडा आराम पडेल, असा डॉक्टरबाईंचा होरा होता. त्यापायी त्यांनी उमेदीची अकरा वर्षं घातली होती.

एकतीस नंबर म्हणजे भट्टीवाले आजोबा. चाळीस वर्षं पाव भाजून निवृत्त झालेले. हे जिवाणूंचं प्रकरण त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. “म्हणजे आमच्या खमिरासारखंच की! वेळेवर खायला घाला, ते आपलं काम चोख करतं,” असं म्हणून त्यांनी सही ठोकली होती.

तेव्हापासून एक मंगळवार चुकला नाही. दोन बस बदलून, पोस्टात कारकून असलेल्या मुलीच्या हाताला धरून ते यायचे. पिशवीत बर्फात ठेवलेला शौचाचा नमुना असायचा. “डब्यात काय आहे?” असं दारावरच्या पहारेकऱ्यानं एकदा दरडावून विचारलं, तेव्हा त्यांनी झाकणाला हात घालत “दाखवू?” म्हटलं. त्यानंतर तो पहारेकरी त्यांना लांबूनच सलाम करायचा.

रोजच्या जेवणाची वही तर बघत राहावी अशी. डाळ दोन वाट्या, दही चार चमचे, पालेभाजी, एक सफरचंद सालीसकट. चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा प्रामाणिकपणे टिपलेली. मात्र वहीतलं अक्षर महिन्यामहिन्याला बारीक होत गेलं. शेवटी मुंगीएवढं झालं आणि एका पानापासून मुलीचं अक्षर सुरू झालं. तरी आजोबांचा उत्साह इतका दांडगा, की यांना खरीच पुडी मिळत असणार, असं डॉक्टरबाईंनी मनोमन धरून टाकलं होतं.

आता ते दोघे समोर बसले होते. डॉक्टरबाईंनी आडवळण न घेता सांगून टाकलं.

मुलगी खुर्चीतून उठलीच. “दोन वर्षं! दर मंगळवारी माझी अर्धी रजा. फ्रिजमध्ये भाजीच्या शेजारी तो डबा. आणि तुम्ही माझ्या बाबांना पीठ चारलंत?”

“सुरुवातीलाच आपण बोललो होतो...” डॉक्टरबाई म्हणू लागल्या. सही करताना सगळं सांगितलं होतं, हे खरं होतं. पण समोर आजोबांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, आणि त्याच्यापुढे ते कारण फार तोकडं वाटत होतं. “आजपासून त्यांना खरी पुडी सुरू करू,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनाच करणार आहोत.”

आजोबांनी मुलीला बाही धरून खाली बसवलं.

“गुण आला का पण, डॉक्टरबाई? ज्यांना खरी मिळाली त्यांना?”

“आला. फार नाही. थरथर तेवढीच राहिली. पण पोट साफ राहायला लागलं आणि हालचाल मोकळी झाली. साध्या पुडीवाल्यांपेक्षा नक्की जास्त.”

“वा!” आजोबांचा चेहरा भट्टीतून पहिला घाणा चांगला निघाल्यासारखा फुलला. “मला वाटलंच होतं. माझी साधी आहे हेही पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.”

डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

“तंतूवालं पीठ पाणी धरतं, बाई. कोंडा कसा फुगतो, तसं. हे आपलं पेल्यात पडलं की गायब. एवढं कळायला मशीन कशाला लागतंय?”

“मग मला सांगितलं का नाहीत?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सांगितलं असतं तर माझं नाव काढलं असतंत.”

“काढावंच लागलं असतं,” डॉक्टरबाई कशाबशा म्हणाल्या. “आणि आता हे अहवालात लिहावं लागेल.”

“लिहा की. झालं ते लिहा.”

मुलीचा आवाज आता चढला नाही. तो फुटला. “बाबा, बाहेर पडून दुसरे उपाय करता आले असते. डोळ्यांदेखत हात जात होता तुमचा. कळल्यावरही का येत राहिलात?”

आजोबांनी दाराकडे बोट दाखवलं.

“बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी ती पुडीवाली शिक्षिका बसते ना? आधी तिच्या स्वेटरची बटणं नवरा लावायचा. आठव्या महिन्यात तिची तीच लावायला लागली. माझी तू लावतेस. तिला गुण आला हे कळायला, शेजारी कुणीतरी गुण न येता बसायला नको का, पोरी?”