बारीक अक्षरं

“बाई, अक्षरं लई बारीक आहेत. मले काही दिसून नाही राहिलं. वाचून दाखवता काय?”

नत्थूजींनी पुस्तक वच्छलाच्या टेबलावर ठेवलं. घरबसल्या कॉम्प्युटर शिकवणारं ते हिंदी पुस्तक सौंसरच्या संत्रा सोसायटीचे मॅनेजर भैय्याजी यांनी नागपूरहून आणलं होतं. नत्थूजी सत्तावीस वर्षांचे जुने टायपिस्ट, म्हणून पहिला मान त्यांचा. आठ दिवस पुस्तक घरी ठेवून ते आज तसंच परत घेऊन आले होते.

वच्छलाला त्यांची कीव आली. ती दुसरी टायपिस्ट. नवरा गेल्यावर सोसायटीने तिला त्याच्या जागी तात्पुरतं लावून घेतलं होतं. खरं तर तिने आधीच हात टेकले होते. हे आपल्या डोक्यात शिरायचं नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

“दाखवते,” ती म्हणाली.

अठ्ठ्याऐंशीचं साल होतं. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची रीतसर पूजा झाली होती. नारळ मात्र बाहेर फोडला, आत पाणी उडायला नको म्हणून. मशीन एक आणि जागाही एकच. महिनाअखेरीला परीक्षा होती. नत्थूजी हरले तर पांढुर्ण्याच्या गोदामात जाऊन संत्र्याच्या पेट्यांवर देखरेख करतील, दिवसभर उभ्याने. वच्छला हरली तर घरी बसेल. घरी सासू होती, दोन मुली होत्या आणि मिळवतं दुसरं कोणी नव्हतं.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती वाचायची. नत्थूजी डोळे मिटून भाकर चावत ऐकायचे. जरा अवघड आलं की त्यांची गाडी अडायची.

“म्हणजे काय व्हते? मले समजलं नाही. पुन्हा सांगा.”

मग ती पुन्हा सांगायची, आपल्या शब्दांत, कधी वहीवर चित्र काढून. तरीही ते मान हलवायचे. म्हाताऱ्याला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते, अशी तक्रार ती सासूजवळ करायची. सांगता सांगता आपल्यालाच सगळं येऊ लागलंय हे तिच्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले.

आणि ते ध्यानात आलं तेव्हा ती घाबरली. तोवर हरायचीच तिची तयारी होती. आता जागा हाताच्या अंतरावर दिसत होती आणि मध्ये नत्थूजी होते. चपला बाहेर काढून ते मशीनसमोर बसले की त्यांची बोटं पाऊस पडल्यासारखी चालायची. एक चूक नाही. त्या हातांपुढे तिचा काय पाड लागणार?

त्या शनिवारी सत्तेचाळिसावं पान आलं. वाचता वाचता ती थबकली. टाइप केलेलं पत्र नुसतं पडद्यावर असतं, ठरावीक बटणं दाबून ते फ्लॉपीवर उतरवलं नाही तर मशीन बंद होताच जातं, असं तिथे लिहिलं होतं. टाइपरायटरवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे स्वप्नातही सुचलं नसतं. त्याच्यालेखी टाइप झालं म्हणजे झालं, कागद समोर असतोच.

वच्छलाने पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागली. आवाज जराही कापला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

“मधी काही राह्यलं तं नाही ना?” नत्थूजींनी विचारलं.

“नाही.”

“बरं,” म्हणून त्यांनी डबा बंद केला.

परीक्षा घ्यायला नागपूरहून एक तरुण साहेब आला. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला इंग्रजी पत्र टाइप करायचं होतं. नत्थूजींचं पत्र बारा मिनिटांत झालं. साहेब खूश झाला.

“वा! आता मशीन बंद करा. परत चालू करून हेच पत्र दाखवा.”

नत्थूजींची बोटं बटणांवर क्षणभर थांबली. त्यांनी वच्छलाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग त्यांनी मशीन बंद केलं.

परत चालू केल्यावर पडद्यावर काही नव्हतं. वच्छलाला पत्राला पंचवीस मिनिटं लागली, दोन चुकाही झाल्या, पण तिचं पत्र परत आलं. भैय्याजींनी तिथल्या तिथे तिला कायम केलं.

“अभिनंदन, बाई,” नत्थूजी म्हणाले आणि चपला घालून निघाले. सोमवारपासून ते पांढुर्ण्याच्या बसमध्ये दिसू लागले.

कायम झाल्यावरचा पहिला पगार हातात आला त्या दिवशी वच्छलाला घास गिळवेना. मुलींना नव्या फ्रॉकचं कापड आणलं, ते तिच्याने उलगडवेना. आपण एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला फसवलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. शेवटी ती मोहगावला त्यांच्या घरी गेली. नत्थूजी गोदामातून परतायचे होते. त्यांची बायको अंबाबाई दारात तूर पाखडत बसली होती.

“काकू, मी पाप केलं,” वच्छला उभ्या उभ्याच म्हणाली. “त्यायले दिसत नव्हतं म्हणून मी पुस्तक वाचून दाखवत होती. त्यातलं एक पान मी मुद्दाम सोडलं.”

“सत्तेचाळीस नंबरचं ना?” अंबाबाईने सूप खाली ठेवलं. “बस पोरी. आठ दिवसांत सारं पुस्तक पाठ केलं होतं त्यायनं. त्या शनिवारी घरी आले तं पोटभर जेवले. म्हने, आता पोरगी टिकते.”