कोऱ्या काठीचा मान

कुलानी धावत आली आणि भाल्यांच्या दोन रांगांमध्ये काठी आडवी धरून उभी राहिली.

एका बाजूला तिचा बाप बदासो आणि त्याचे भाऊबंद. समोर तुफा आणि त्याची माणसं. तुफाच्या मुलाशी, रोबाशी, कुलानीचं लग्न ठरलं होतं. तुफाने रिवाजाप्रमाणे गाई आणून दिल्या, बदासोने त्या गोठ्यात बांधल्या, आणि मग एका फालतू कुरणावरून व्याह्याव्याह्यांचं असं बिनसलं की विचारता सोय नाही. तुफा म्हणे, लग्न मोडलं, गाई परत दे. बदासो म्हणे, गाई घेतल्या तेव्हाच लग्न झालं, पोर तुमची, न्यायची तर न्या. वडीलधारे झाडाखाली बसून समजूत घालून थकले. आज तुफा भाले घेऊनच आला.

आर्सीच्या डोंगरात आई लेकीला लग्नात काठी देते. तिला सिंके म्हणतात. लग्न झालेल्या बाईची सिंके मध्ये आली की पुरुषाने थांबायचं. ती ओलांडणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. पण गावातल्या झाडून साऱ्या बायका पावसाचं साकडं घालायला नदीवर गेल्या होत्या. घरी होती ती कुलानी, आणि आईने तिच्यासाठी लोणी चोळून ठेवलेली कोरी काठी.

तुफा हसला. "बिनलग्नाची पोर ही. हिची काठी गुरं हाकायला बरी."

त्याची माणसंही हसली. बदासोने संतापून लेकीला घरी जायला सांगितलं. पण पोर भलती धीट. बापाकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "आबा, माझं लग्न झालंय की नाही? काय ते एकदाच सांगा."

बदासोने नाही म्हणावं, तर गाई गेल्या. हो म्हणावं, तर काठी खरी आणि भाला खाली. बिचारा आपल्याच बोलण्यात सापडला होता, आणि सगळा गाव कान देऊन ऐकत होता.

"झालंय," तो पुटपुटला. त्याचा भाला खाली आला. त्याच्यामागे भाऊबंदांचेही आले.

तुफाला आयती संधी मिळाली. त्याच्या लेखी लग्न मोडलेलं होतं, तेव्हा ही काठी त्याला अडवणार नव्हती. त्याने माणसांना पुढे व्हायला सांगितलं. कुलानी जागची हलली नाही. आता तिच्या हाती काहीच उरलं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं.

पहिल्या रांगेतून रोबा पुढे आला. काठीपाशी येऊन थांबला. मग वाकून त्याने आपला भाला गवतावर ठेवला.

"उचल तो," तुफा खेकसला. "कोण लागते ती तुझी?"

"बायको," रोबा म्हणाला.