गुडघ्यांच्या गोळ्या

"ज्ञानदा, माझ्या डबीतल्या गोळ्या कमी कशा झाल्या गं?"

विजयालक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टीलची डबी घेऊन उभ्या होत्या. ज्ञानदा पोळ्या लाटत होती.

"शफाला दिल्या, खाऊ म्हणून. त्या जेलीच ना, तुम्ही कॅनडाहून आणलेल्या? आल्यापासून 'आंटी, चॉकलेट' चाललं होतं तिचं."

ज्ञानदाने वर बघितलं तर सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, खाऊ कसला! माझ्या गुडघ्यांच्या गोळ्या त्या. भैरवीने घेऊन दिलेल्या. त्यात... गांजा असतो."

आता घ्या! भैरवी म्हणजे त्यांची कॅनडातली लेक. तिकडे तसलं दुकान राजरोस चालतं, सराफाच्या पेढीसारखं झकपक. दारातच त्यांना वयाचा दाखला मागितला होता, तेव्हा म्हातारी पोट धरून हसली होती. गोळ्यांच्या बाटलीवर लाल खूण, खाली इशारा, आणि पोरांना उघडता येऊ नये म्हणून मुद्दाम केलेलं झाकण. ते झाकण विजयालक्ष्मीबाईंच्या वाकड्या झालेल्या बोटांनाही उघडेना. मग काय, त्यांनी लेकीकडून ते उघडून घेतलं आणि सगळ्या गोळ्या आपल्या डबीत ओतल्या. खूण, इशारा, झाकण, सगळं कचऱ्यात गेलं. औषध ते औषध, असं म्हणून डबी पर्समध्ये टाकली आणि बाई दोहाच्या विमानतळावरून सरळ घरी आल्या. कोणी अडवलं नाही हे नशीबच म्हणायचं.

इथे कतारमध्ये गांजासाठी वर्षानुवर्षं आत टाकतात. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर दर सुट्टीच्या आधी मेसेज फिरतो, कोणाचंही पार्सल उघडून बघितल्याशिवाय आणू नका म्हणून. तो ज्ञानदाने स्वतः चार जणांना पुढे पाठवला होता. सासूची डबी उघडून वास घ्यावा, हे कोणाच्या मनात येतं?

ती बाहेर धावली. शेजारची अलीजा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, लेकीला ज्ञानदाकडे सोडून. शफा सोफ्यावर कार्टूनसमोर कलंडली होती.

"शफा, बेटा, उठो."

पोरीने अर्धवट डोळे उघडले आणि खुदकन हसली. "आंटी, सोफा चल रहा है." मान पुन्हा लटकली.

ज्ञानदाने नवऱ्याला, श्रेयसला फोन लावला. तो साइटवर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"फ्लश कर. सगळं, आत्ता. आणि कोणाला एक शब्द बोलू नकोस."

"अरे, पण पोर..."

"झोपेल आणि उठेल. ज्ञानदा, आईला आत टाकतील! या वयात! आणि हातात दिल्यास तू. तुला सोडतील असं वाटतं?"

तिने डबी संडासात उपडी केली. पाणी सोडलं. गोळ्या गरगर फिरल्या, गेल्या आणि दोन पुन्हा वर आल्या. लाल आणि हिरवी. टाकी भरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, जिन्यातल्या प्रत्येक पावलाचा आवाज ऐकत. झोपलीच तर काय बिघडलं, असं तिच्या मनात आलं. अलीजा येईल, म्हणेल थकली वाटतं, उचलून घेऊन जाईल. खलास. आणि मग तिची तिलाच शिसारी आली.

बाहेर विजयालक्ष्मीबाई शफाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिची पावलं चोळत होत्या.

"आई, श्रेयस म्हणतोय गप्प बसा."

"श्रेयसला तिथून काय दिसतंय? पाय बघ हिचे. गार पडलेत."

तेवढ्यात शफाला उलटी झाली. सासूबाईंनी तिला चटकन कुशीवर वळवलं, पदराने तोंड पुसलं. एवढं होऊनही पोरीने डोळे उघडले नाहीत. ज्ञानदाने नऊशे नव्याण्णव लावला, पोलीस आणि ॲम्ब्युलन्सचा इथला एकच नंबर. पत्ता सांगताना तिला स्वतःच्याच बिल्डिंगचं नाव आठवेना.

ॲम्ब्युलन्सवाले आणि अलीजा एकदमच जिना चढून आले. अलीजा लेकीला बघून किंचाळली आणि जमिनीवरच बसली. ॲम्ब्युलन्समधला माणूस केरळचा होता. त्याने शफाच्या पापण्या उचलून बघितल्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"क्या खाया इसने?"

चॉकलेट. ज्ञानदाने एवढा एकच शब्द म्हटला असता तरी ती सुटली असती. अलीजा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"गांजा," ज्ञानदा म्हणाली. "गांजे की गोली. तीन."

त्याचा हात क्षणभर थांबला. त्याने जोडीदाराला अरबीत काहीतरी सांगितलं आणि दोघं भराभर कामाला लागले. नाकाला नळी लावली, स्ट्रेचरचे पट्टे आवळले. "साँस ठीक है," तो अलीजाला म्हणाला. "बता दिया, अच्छा हुआ. अब इलाज हो सकता है." ज्ञानदाला रडूच कोसळलं.

स्ट्रेचर दाराबाहेर निघालं. तो माणूस मात्र उंबऱ्यात थांबला. खाली पोलिसांची गाडी लागल्याचा आवाज आला.

"मॅडम, मुझे बताना पड़ेगा. गोली बच्ची को किसने दी?"

ज्ञानदाने डोळे पुसले. बोलायला तोंड उघडलं. तिच्या दंडावर सासूबाईंचा हात पडला. त्या सोफ्याचा आधार घेत, कण्हत उठल्या होत्या आणि आता तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मैंने दिया," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "बहू को कुछ मालूम नहीं."