सुतक कळल्यापासून

कुंदनचं बोट फोनच्या बटणावर होतं आणि खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"काकांचं काय?" समृद्धीने विचारलं.

दोघांच्या बॅगा दारात उभ्या होत्या. आठ दिवसांच्या क्रूझचं बुकिंग लॉकडाऊनमुळे एकदा पुढे गेलं होतं. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची हौस आता अकराव्याला फिटणार होती. दोन-दोन डोस झाले होते, रिपोर्ट निगेटिव्ह आले होते. अडचण एकच होती. काशिरामकाका कोरोना होऊन पनवेलच्या एका इस्पितळात ऑक्सिजनवर होता, आणि वय बघता काही सांगता येत नाही, असं डॉक्टर कालच म्हणाले होते.

काशिरामला मूलबाळ नाही. कुंदनचा बाप लवकर गेला तेव्हा मिठागरावर राबून याच काकाने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याच्या लग्नाचा मांडवही घातला. इस्पितळात नातेवाईक म्हणून कुंदनचाच नंबर होता. काका गेला तर पुतण्याने मुलाच्या जागी उभं राहायचं, सुतक पाळायचं, हे सांगायला भटजी लागत नाही. आणि सुतकात कोण जहाजावर जाऊन नाचतो?

पण माणसाला पळायचं असलं की शास्त्र बरोबर आठवतं.

"सुतक कळल्यापासून लागतं," कुंदन म्हणाला. "कळलंच नाही, तर लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे परत येईपर्यंत दोघांचे फोन बंद. वॉर्डात तसंही कुणाला सोडत नाहीत. आणि काही झालंच, तर आजकाल माणूस हातात देतात कुठे? तिकडेच उरकतात."

समृद्धीलाही जायचं होतं. तिने पर्समधून फोन काढला, बंद केला आणि बॅग ओढत लिफ्टकडे गेली.

जहाजावर कुंदनला काही गोड लागलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिल्या दिवशी तो पोटभर जेवला, पोहला, रात्री नाचलासुद्धा. लाज वाटायला लागली ती दुसऱ्या दिवशी. पनवेलशेजारच्या कामोठ्याच्या एका जोडप्याने "तुम्ही कुठले?" म्हणून विचारलं, तेव्हा पनवेलचं नाव न घेता तो ठाण्याचा म्हणाला. मग त्यांना चुकवत डेकवर फिरत राहिला. समृद्धीने फोटो काढू या म्हटलं, तर तो म्हणाला नको. काका आत्ता या घडीला आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये याची सोय त्यानेच केली होती. असली सोय वैऱ्यालाही सुचू नये.

मुंबईला धक्क्यावर उतरल्यावर त्याने फोन सुरू केला. इस्पितळाचे मिस्ड कॉल ओळीने आले. त्यांच्यामागून भावकीतल्या चुलतभावाचा, बळीरामचा मेसेज आला, 'कुठं आहेस? असशील तिथून गावी निघून ये.'

त्यांच्या गावाकडे कुणी वारलं की फोनवर तसं सांगत नाहीत. नुसतं निघून ये म्हणतात. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. कुंदन समजला, आणि टॅक्सीत ढसाढसा रडला. ते रडणं खरं होतं.

"आधी फोन तरी करून बघा," समृद्धी म्हणाली.

"काय विचारू? काका गेला काय, म्हणून? आणि ते विचारतील, एवढे दिवस होतास कुठं, तर?"

पनवेलला आल्यावर त्याने समृद्धीला बॅगांसह घरी सोडलं. बॅगांवर जहाजाचे टॅग होते, ते गावात दिसायला नको होते. मग तो सलूनमध्ये जाऊन बसला. अग्नी दुसऱ्या कुणीतरी दिला असणार. निदान डोकं तरी केलेलं असलं की भावकी जास्त बोलणार नाही, असा त्याचा हिशेब होता. मिशीसकट सगळं काढा म्हणाल्यावर न्हाव्याने हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"काका," कुंदन म्हणाला.

गाव पनवेलबाहेर, कोन गावाच्या पुढे होतं. तो रिक्षाने गेला. घरापुढे माणसं बसलेली असतील, आपण पोचताच बायकांचा रडण्याचा आवाज येईल, या तयारीने तो मान खाली घालूनच उतरला.

अंगणात कुणीच नव्हतं. ओटीवर काशिरामकाका घोंगडी पांघरून बसला होता, आणि शेजारची मालू त्याच्यापुढे पेजेची वाटी धरून उभी होती.

"जेव आता तरी," ती त्याला म्हणत होती. मग कुंदनला बघून म्हणाली, "काकाला परवा इस्पितळातून सोडला, तुझा नंबर लागला नाय म्हनून बळीराम जाऊन घेऊन आला. तवापासून याचा एकच, माझा कुंदन कुठं हाय? घास उतरत नाय." बोलता बोलता तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली आणि ती थांबली.

कुंदनला आनंद झाला. झालाच. पण त्याच्याही आधी त्याचे दोन्ही हात डोकं झाकायला वर गेले. ते झाकलं जाईना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

काका भिंतीला धरून उठला. दम खात पायरी उतरला.

"तुझा फोन लागत नवता, तवाच माज्या मनात पाल चुकचुकली," तो म्हणाला. त्याने कुंदनचं डोकं पाहिलं, ओठांवरची मोकळी जागा पाहिली. मग पुतण्याच्या मागे उभ्या असलेल्या रिकाम्या रिक्षात डोकावून पाहिलं.

"समृद्धी कुठं हाय?" त्याने विचारलं, आणि उत्तर यायच्या आतच कुंदनचं भादरलेलं डोकं छातीशी धरून तो रडायला लागला.