भोक पडलेलं वगराळं

बांगलादेशची लढाई जिंकून आलेल्या जवानांचा गावानं सत्कार ठेवला होता. सरपंचांनी पायदळातल्याला फेटा बांधला, तोफखान्यातल्याला बांधला, पूल उभारणाऱ्या सॅपरलाही बांधला. पलटणीचा आचारी जोतिबा पुढं झाला, तसे सरपंच हसले. "तुला कशाला रं फेटा? तू भाकऱ्याच थापल्यास. जा, मटणाचं बघ." जोतिबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यानं मुकाट मटण शिजवलं. पंगत बसल्यावर मात्र ट्रंकेतलं वगराळं आणून पहिला रस्सा सरपंचांनाच वाढला. ताटात पडायच्या आधीच तो त्यांच्या पांढऱ्या धोतरावर गळला. "आरं, वगराळ्याला भोक हाय!" सरपंच ओरडले. "व्हय!" जोतिबा कडाडला. "खंदकात माझा जोडीदार म्हादू ह्याच वगराळ्यानं पोरांना वाढत हुता. तोफगोळ्याची कपची ह्यातनं आरपार गेली आन् त्याच्या छातीत घुसली. मला नगं तुमचा फेटा. बांधायचाच तर ह्या वगराळ्याला बांधा!"